भित्रीची चढाई

भात झोडून झालं की रोह्याच्या आसपासच्या गावांत मैदानं दिसायला लागतात. कालपरवापर्यंत जिथे भारे रचलेले होते तिथे कोणीतरी खुंट्या ठोकतं, मुलं धसकटं उपटतात, पाणी मारून जमीन चोपली जाते, आणि बघता बघता शेताचं अंगण होऊन जातं. मग संध्याकाळी मी भाताचं आधण ठेवत असते आणि कुंडलिकेच्या बाजूने तो आवाज येतो. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. एका दमात, न थांबता. गावातल्या म्हाताऱ्यांनासुद्धा त्या आवाजाने स्फुरण चढतं आणि काठी टेकत ते मैदानाकडे निघतात. मी मात्र मागची खिडकी लावून घेते. इतकी वर्षं झाली, अजून लावते.

यंदा खिडकी लावूनही भागत नाही, कारण यंदा माझी प्राजू गावच्या मुलींच्या संघात आहे. त्यातही ती डाव्या कोपऱ्यावर उभी राहते. ज्यांनी हा खेळ नुसता लांबून पाहिला असेल त्यांच्यासाठी सांगते. समोरच्या संघातली एकटी मुलगी 'कबड्डी कबड्डी' म्हणत आपल्या अंगणात येते, कोणाला तरी शिवते आणि मधली रेषा ओलांडून परत पळायला बघते. आपण सात जणींनी तिला धरून ठेवायचं, तिचा दम सुटेपर्यंत. यात तिच्या पायावर पहिली झडप घालायची ती कोपऱ्याने. टाळ्या चढाई करणारीला मिळतात, पण जमिनीवर अंग टाकावं लागतं ते कोपऱ्याला.

"खेळू दे गो तिला," आमचे हे म्हणाले. दुसऱ्या शिफ्टला निघाले होते, डब्याची पिशवी हातात होती. "तू पण खेळायचीस ना? कप हाय अजून तुझ्या माहेरी."

"खेळायचे म्हणूनच सांगते."

"तुला काय झालं होतं? एक खरचटा तरी हाय काय अंगावर?"

नाही. माझ्या अंगावर त्या खेळाचा एक ओरखडा नाही. अडचण तीच आहे, आणि कंपनीची बस चुकेल म्हणून दारात घुटमळणाऱ्या माणसाला ती समजावून सांगता येत नाही. ते गेले. मी भांडी घासत बसले आणि मैदानाकडून प्राजूचा आवाज ओळखू येतो का ते ऐकत राहिले.

माझं माहेर पेणकडचं, खाडीकाठचं. वडखळच्या नाक्यावर एसटीतून उतरलं की पुढे मिठागरांच्या बांधांवरून पायी जायचं. रोह्याकडे थंडी म्हणजे भात घरात आल्याची सुस्ती; आमच्याकडे थंडी म्हणजे कामाला तोंड फुटायचं. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, बांध लिंपायचे, वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा. त्या खाऱ्या पाण्यात पायांना भेगा पडायच्या, घोट्यापर्यंतची कातडी राठ व्हायची. म्हणून प्रत्येक घरात सकाळी उठलं की तोंड धुण्याच्याही आधी पायांना खोबरेल चोळायचं. माणसं तेल लावून कामाला जात, पोरं तेल लावून शाळेत. शाळेत आमच्या बाकाखालची फरशी कायम चकचकीत असायची आणि गुरुजी त्यावरून चिडवायचे.

आमचं मैदान मिठाच्या राशींच्या मागे होतं. खाडीकाठच्या खाजणाची काळी माती, उन्हाने टणक झालेली. त्यावर रेषा आखायला चुना कोण आणणार? विकायच्या लायकीचं नसलेलं मातकट मीठ मूठमूठ सोडत आम्ही रेषा ओढायचो. पडलं की गुडघा सोलायचा आणि त्यात ते मीठ जायचं. डोळ्यांत पाणी यायचं, पण रडायचं नाही असं आमच्यात ठरलेलं होतं, कारण रडायला लागलं असतं तर सगळ्याच रडल्या असत्या.

मी सात जणींत आले त्या हंगामाच्या आदल्या वर्षी कुसुमचा गुडघा गेला होता. कुसुम माझ्याहून मोठी, आमच्या संघातली सगळ्यात बिनधास्त. पेणच्या एका सामन्यात ती आत घुसली, चौघींनी तिला धरलं, एकीने पाय ओढला, दुसरीने कंबर, आणि कुसुमचं वरचं अंग एकीकडे फिरलं आणि गुडघा तिथेच राहिला. मी रेषेबाहेर बसले होते. ओलं लाकूड पिळून मोडावं तसा आवाज मी ऐकला. नंतर कित्येक दिवस जेवताना कोणी शेवग्याची शेंग मोडली तरी मी ताटावरून उठायची. कुसुमचं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडचे एकदा बघून गेले, चहा घेतला, आणि पुन्हा आले नाहीत.

मग गावकीची बैठक झाली. तात्या, म्हणजे आमच्या गावचे त्या वेळचे प्रमुख, शांत आवाजात बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पोरी खेळतात ते वायट नाय. पण एक लंगडी झाली. हे वर्ष देतो. दुसरीच्या पायाला काय झालं तर पोरींचा खेळ गावात बंद. मग मैदान मिठाला." म्हणजे आमच्या सगळ्यांचा खेळ आता एकेकीच्या पायांवर टांगलेला होता. सगळ्यांत लटपटते पाय कोणाचे होते हे वेगळं सांगायला नको.

मी जन्मजात भित्री. विहिरीत वाकून बघायला भ्यायची, बैलाच्या बाजूने जायला भ्यायची, बोहारणीलासुद्धा भ्यायची. मग खेळात कशी? तर कुसुमनंतर दोघींच्या आयांनी त्यांना घरी बसवलं, आणि माझ्याशिवाय सात होत नव्हत्या. आणि खोटं कशाला सांगू, मला आवडायचंही. छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो पुरवत पुरवत परक्या अंगणात पाऊल टाकायचं, यात काहीतरी होतं जे घरात, शाळेत, मिठागरात कुठेच नव्हतं. आवडायचं आणि भीती वाटायची. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे तेव्हा कोणाला पटवता आलं नसतं.

गावातल्या पुरुषांचं शिकवणं एकाच शब्दाचं होतं. "घूस!" मंदा घुसायची, ती दांडगी होती, दोघींना अंगावर घेऊन परत यायची. मी मात्र निदान रेषेवर पाय टेकवला न टेकवला की मागे पळायचे. ही निदान रेषा समोरच्या अंगणात असते. ती एकदा तरी ओलांडावीच लागते, नाहीतर चढाई करणारी बाद. मी ती कशीबशी ओलांडायचे, तेवढ्यात कोणी नुसती मान हलवली तरी माझी पाठ फिरायची. बघणारे हसायचे. मला 'भित्री' हे नावच पडलं.

याच हंगामात रंजनावहिनी मैदानावर आली. माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ नागोठण्याला कंपनीच्या बांधकामावर लागला होता, शिफ्टमुळे निम्मे दिवस घरी नसायचा. वहिनी रोह्याकडच्या शेतकरी गावची, माहेरी कबड्डी खेळलेली. लग्न होऊन आल्यावर तिने खेळाचं नाव काढलं नव्हतं. कुसुमच्या प्रकारानंतर पुरुषांनी आमच्याकडे पाठ फिरवली, तेव्हा एका संध्याकाळी ती आली, बांधावर बसली आणि बघत राहिली. मग रोज यायला लागली. बोलायची नाही. आम्हाला ती सासूने हेरगिरीला पाठवलीय असं वाटायचं.

एक दिवस तिने मला हाक मारली. "सुले, इकडं ये. तू पळतेस ते कोणाला बघून?"

मी म्हटलं, "भीती वाटते वहिनी."

"ते ठावं हाय गो. कोणाला बघून वाटते?"

 मी मैदानाकडे बघायला लागले. तेव्हा तीच म्हणाली, "मी इतके दिवस बघते. कोपरा उडी मारतो त्याच्या आधी तू वळलेली असतेस. नंतर नाय, आधी. तिच्या मनात आलं की तुला कळतं. मंदाला नाय कळत. कुसुमला पण कळत नसणार. तुला भीतीपायी कळतं."

मला वाटलं ती थट्टा करतेय. पण ती उठली, पदर खोचला आणि मातीत टाचेने रेघा ओढायला लागली.

तिची योजना अशी होती. आधी मंदाने जायचं, दोन-तीनदा लागोपाठ, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या उजव्या बाजूलाच धडका द्यायच्या. हात धरून उभी असलेली त्यांची सगळी साखळी तिकडे झुकते. डावा कोपरा नुसता उभा राहतो, त्याला काही काम मिळत नाही, त्याचे हात शिवशिवायला लागतात. आणि मग पाठवायचं मला. मी जायचं ते त्यांच्या डावीकडे. निदान रेषा ओलांडायची, घाबरायचं आणि पळायचं. बस. घाबरलेली, पाठ फिरवलेली पोरगी हाताशी दिसल्यावर उपाशी कोपरा थांबत नाही. तो साखळी सोडून एकटाच झेपावतो. तेवढ्यात पळता पळता मागे हात टाकायचा, तिच्या पुढे आलेल्या बोटांना शिवायचं आणि मधली रेषा गाठायची. "तुला आत जायचंच नाय," वहिनी म्हणाली. "घुसायचं नाय, झुंजायचं नाय. तू फक्त खरोखर भी. तुला बघून त्या चुकतील."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला 'भिऊ नकोस' असं म्हटलं नव्हतं. सगळी माणसं धीर देत आली होती, आणि धीर दिला की मला आणखीच भीती वाटायची, कारण धीर देण्यासारखं काहीतरी पुढे आहे हे त्यातून पक्कं व्हायचं. वहिनीने मात्र माझी भीती हातात घेऊन बघितली, बाजारात कोंबडी उचलून बघतात तशी, आणि ही चालेल म्हणाली.

महिनाभर ती स्वतः डाव्या कोपऱ्यावर उभी राहिली. माजघरात डोक्यावरून पदर ढळू न देणारी बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, गुडघ्यात वाकून, डोळे माझ्या पायांवर लावून. झेपावली की धूळ उडायची. मी मागे हात टाकायला विसरायचे, नुसतीच पळायचे. "हात कुठं गेला गो? घरी ठेवून आलीस?" मग पुन्हा. मिठागराच्या बांधावर मला चालायला लावलं, तेही मागे बघत. आमच्या पायांना ती सवय होतीच. ओल्या बांधावर टाच रोवली की माणूस घसरतो, म्हणून आम्ही बोटांवर चालतो आणि पाय रुतायच्या आत उचलतो. वहिनीला यातलं काही येत नव्हतं. ती दोनदा वाफ्यात पडली आणि हसत सुटली. तिला तसं हसताना आमच्या घराने पाहिलं नव्हतं.

आणि ते जमलं. पेणच्या आसपासचे सामने आम्ही एकेक करून जिंकत गेलो. मी आत जायचे, मला खरीच भीती वाटायची, मी पळायचे, आणि मागे कोपरा जमिनीवर पालथा पडलेला असायचा आणि पंचांचा हात वर. लोक अजून 'भित्री' म्हणायचे, पण आता ते ओरडून म्हणायचे, कौतुकाने. "भित्रीला पाठव!" मला त्या हंगामात कोणी धरलं नाही. एकदाही माझा दम परक्या अंगणात सुटला नाही. पण प्रत्येक चढाईला जाताना कुसुमचा गुडघा माझ्या बरोबर यायचा. जिंकण्याने भीती कमी होते असं म्हणणारे लोक बहुतेक फार जिंकलेले नसतात.

परवा प्राजू जेवायला बसली तेव्हा तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत सोललेलं होतं. मी हळद घेऊन गेले. तिने डाव्या हाताने मला बाजूला केलं आणि उजव्याने जेवत राहिली. "आई, भात वाढ. काय नाय झालं." ती मांडी घालून बसली होती. मी तिच्या गुडघ्यांकडे बघत होते. दोन्ही नीट होते, गोल, गुळगुळीत, लहानपणी न्हाऊ घालताना होते तसेच. मी भात वाढला.

अंतिम सामना रोह्याला होता. समोरचा संघ कळला तेव्हा वहिनीने हातातलं सूप खाली ठेवलं. तिच्या माहेरचा संघ होता. डाव्या कोपऱ्यावर इंदू नावाची मुलगी होती, वहिनीच्या शेजारच्या घरची. वहिनीचं लग्न झालं तेव्हा ती फ्रॉक घालून वरातीमागे पळाली होती. "चांगली खेळते," वहिनी म्हणाली. "पण पळणारी दिसली की तिला राहवत नाय. लहानपणी वासरामागं पण अशीच झेपावायची." एवढं बोलून ती उठून पाणी आणायला गेली. आम्हाला आनंद झाला. आमची योजना जणू इंदूसाठीच केलेली होती.

सामन्याच्या सकाळी माझ्या आईने मला पुढ्यात बसवलं आणि पायांना तेल चोळलं. रोजच्यापेक्षा जास्त, पोटऱ्यांपर्यंत, गुडघ्यांवर गोल गोल. तीही घाबरलेली होती. तिचं घाबरणं हातांतून कळत होतं. मला काही वेगळं वाटलं नाही, तिलाही नाही. आमच्याकडे तेल न लावता कोण घराबाहेर पडतं? आजवर खेळलो ते सगळे मिठागराकडचेच संघ. त्यांचेही पाय असेच, कोणी कोणाच्या पायांकडे बघितलं नव्हतं.

रोह्याच्या मैदानात आम्ही ओळीने उभ्या राहिलो तेव्हा पंच प्रत्येकीची नखं बघत पुढे सरकत होते. माझ्यापाशी आले, थांबले, वाकले आणि माझ्या पोटरीवरून बोट फिरवलं. बोट उन्हात धरलं. "तेल लावलंय."

या खेळात अंगाला तेल लावून उतरता येत नाही. पकड निसटते म्हणून. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो नियम अंगाला लावायच्या तेलाबद्दल आहे, पायांना रोज लावतात त्याबद्दल नाही, असं आम्ही सगळ्याच धरून चाललो होतो. आता समोरून आरडाओरडा सुरू झाला. "सगळ्यांचे बघा! म्हणून सापडत नाय ती!" पंचांनी सातही जणींचे पाय बघितले. सातही जणी चमकत होत्या.  परत पाठवतील, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, तात्या मैदान मिठाला देतील.

वहिनी पुढे झाली. तिथल्या निम्म्या लोकांना ती नावाने ओळखत होती. ती पंचांना म्हणाली, "मिठागरच्या पोरी हायेत साहेब. तेल हीच त्यांची वहाण हाय. धुवून येतात." पंच भले होते. हापशावर धुऊन या म्हणाले. कोणीतरी कपड्यांचा साबण दिला. आम्ही माती आणि साबणाने पाय घासले, इतके की भेगांची तोंडं उघडली आणि बारीक रक्त आलं. तेलाशिवाय माझे पाय मला परक्याचे वाटायला लागले. टाच टेकवली की कळ मस्तकात जायची.

"वहिनी, मला पळता नाय येणार."

वहिनी माझ्या पायाशी बसली होती. तिने वर बघितलं. "बोटांवर पळ."

"नाय जमणार."

"आज तुझ्या तोंडावर जे दिसतंय ते मला महिनाभर शिकवता आलं नाय," ती म्हणाली. "जा."

सामना मला सलग आठवत नाही. आठवतो तो रोह्याच्या मातीचा मऊपणा, पाय किंचित रुतायचा तो. आमच्या टणक जमिनीपेक्षा ती वेगळी होती. भाताच्या शेताचा वास होता तिला. मंदा उजवीकडे धडका देत होती, परत येत होती, एकदा पकडली गेली आणि बाद झाली. मी गेले, इंदू झेपावली, मला तिची बोटं लागली. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. दर वेळी ती उठून धूळ झटकायची आणि माझ्याकडे बघून हसायची. रागाने नाही. पुढच्या वेळी धरणारच, असं. तिच्या डोळ्यांत भीती शोधून सापडत नव्हती. मला त्याचीच भीती वाटली.

शेवटी बरोबरी होती आणि वेळ संपत आला होता. वहिनीने रेषेबाहेरून नुसतं बोट केलं, डावीकडे. मी श्वास भरला आणि गेले. निदान रेषेवर डावा पाय टाकला आणि टाचेतून कळ आली. मी थांबले. ठरवून नाही, दुखलं म्हणून. समोर इंदू गुडघ्यात वाकली होती. तिच्या मनात आलं आणि ते मला कळलं. मी वळले. ती झेपावली, आजवर कोणी झेपावलं नव्हतं एवढी लांब, एका पायावर सगळं अंग टाकून. तो पाय त्या मऊ मातीत रुतून राहिला आणि ती पुढे आली. मी मागे टाकलेल्या हाताला तिचं मनगट लागलं. मी मधल्या रेषेवर पडले, आणि पडता पडता मी तो आवाज ऐकला. वर्षभर ज्याला भ्यायले होते तोच. पहिल्यांदा मी माझे पाय चाचपले. दोन्ही होते. मग मागे वळून बघितलं.

आमच्या पोरी मला उचलायला धावत होत्या, शिट्टी वाजत होती, मंदा नाचत होती. वहिनी माझ्याकडे आली नाही. ती सरळ इंदूकडे धावली, मातीत बसली आणि तिचा पाय मांडीवर घेतला. इंदू ओरडत नव्हती. ती वहिनीला विचारत होती, "रंजाताई, मी धरली होती ना तिला? माझ्या हातात आली होती ना ती?" वहिनी तिच्या केसांतली माती काढत होती आणि हो म्हणत होती.

परतताना टेम्पोत कप मधोमध ठेवला होता आणि कोणी त्याला हात लावत नव्हतं. मंदाने एकदा घोषणा द्यायचा प्रयत्न केला, तो नागोठण्याच्या पुलापर्यंतही टिकला नाही. वहिनी माझ्या शेजारी बसली होती. वडखळ आल्यावर ती एवढंच म्हणाली, "ती थांबत नाय हे मला ठाऊक होतं गो."   नियमाबाहेर कोणी काही केलं नव्हतं. तात्यांची अट पाळली गेली होती. आमच्या गावच्या एकाही पोरीच्या पायाला काही झालं नव्हतं.

पुढच्या वर्षी आमचं मैदान शाबूत राहिलं. इंदूच्या गावचा मुलींचा संघ मात्र उतरला नाही. माझं नाव जिल्ह्याच्या निवडीला गेलं. मी आणखी काही हंगाम खेळले, पेपरात एकदा फोटोही आला. वहिनी पुन्हा मैदानावर आली नाही. संध्याकाळी आम्ही तिच्या दारावरून जायचो तेव्हा ती तांदूळ निवडत बसलेली असायची आणि खाली बघून विचारायची, "आज कोण कोण आलंय?" मग माझं लग्न झालं, तेही रोह्याकडे. नशिबाला थट्टा करायची हौस असते. बाजारात पाय ओढत चालणारी बाई लांबून दिसली की मी दुसऱ्या गल्लीत वळते. ती इंदू असेलच असं नाही. असेल तर तिला मी आठवेनही की नाही कोण जाणे. तरी मी वळते.

काल संध्याकाळी प्राजू मैदानावरून उशिरापर्यंत आली नाही म्हणून मीच गेले. बाकीच्या मुली घरी गेल्या होत्या. ही एकटी डाव्या कोपऱ्यावर उभी राहून हवेत झेपा घेत होती. रविवारी तिचा सामना पेणकडच्या संघाशी आहे. त्यांच्याकडे एक मुलगी आहे म्हणे, आत येत नाही, नुसती पळते, आणि कोणाला सापडत नाही.

"आई, पळणारीला कसं धरायचं गो?"

 मी म्हटलं, "नाही धरायचं. जाऊ दे तिला. ती पळतेय ना, पळू दे. तू जागा सोडू नकोस."

"मग गुण कसा मिळणार?"

"नको मिळू दे."

"तू काय पण बोलतेस." ती हसली. "तुला भीती वाटायची, सगळे सांगतात. मला नाय वाटत."

ते मला दिसत होतंच. तिच्या डोळ्यांत तेच होतं जे इंदूच्या होतं, स्वच्छ, निर्धास्त. माझ्या भीतीला धरून वहिनीला काहीतरी रचता आलं होतं. ज्या पोरीला भीतीच नाही तिला मी कुठून धरू? बोलून काही होणार नव्हतं. मी चपला काढल्या, साडी खोचली आणि मधल्या रेषेवर जाऊन उभी राहिले. प्राजू आधी बघतच राहिली, मग गुडघ्यात वाकली. मला तिला दाखवायचं होतं की पळणारी कशी फसवते, कोपरा कसा तोंडावर पडतो. एकदा तोंडावर पडली की शिकेल. मी श्वास भरला. इतक्या वर्षांनी तो पुरेल असं वाटलं नव्हतं. कबड्डी, कबड्डी. निदान रेषा ओलांडली. खोटं भ्यायची गरजच नव्हती. तिच्या मनात आलं, मला कळलं, मी वळले.

पण तिने हवेत उडी घेतली नाही. ती माझ्या मागे खाली सरपटत आली आणि दोन्ही हातांनी माझा घोटा धरला. घट्ट. मधली रेषा माझ्यापासून हातभर होती. एक हिसका दिला असता तर मी पोचले असते. अंगात तेवढी ताकद अजून आहे. मी मागे बघितलं. माझ्या पायाखाली तिचा गुडघा दुमडलेला होता, आणि मी ज्या बाजूला ओढणार होते त्याच्या उलट बाजूला वळलेला होता. माझा दम चालू होता. बराच उरला होता.

मी दम सोडला आणि मातीत बसले.

प्राजू धापा टाकत उठली. हरखायचं सोडून माझ्यावर रागावली होती. "आई, तू ओढलंच नाहीस. असं कसं शिकणार मी? ती काय सोडणार हाय मला?" तिने माझा हात धरून मला उभं केलं आणि मधल्या रेषेकडे ढकललं. "परत ये. आणि आता खरं ओढ."